टोपीवाला ‘ओ’

प्राध्यापकाने खासगी शिकवणी घेऊ नये, असा नियम आहे. लावू नये, असा नियम मात्र मी अजून कुठे पाहिलेला नाही. त्या फटीतून निसटून गेल्या वर्षीच्या जूनपासून मी शिकवणी लावली आहे. दर रविवारी सकाळी सावंतवाडीच्या स्टँडवर म्हापशाच्या गाडीची वाट पाहत एक चाळिशी ओलांडलेला, चष्मेवाला गृहस्थ उभा असतो. त्याच्या पिशवीत शंभरपानी वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर असतो. तो गृहस्थ मी. एकदा आमच्या कॉलेजची दोन मुले तिथेच भेटली.

“सर, कुठे निघालात?”

“शिकवणीला.”

“गोव्यात शिकवणी घेता?”

“घेत नाही. बसतो.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. सोमवारी ही बातमी ग्रंथालयापासून उपाहारगृहापर्यंत सर्वत्र पोचलेली होती.

या सदराचे नेहमीचे वाचक जाणतात, की शब्दांच्या आणि व्याकरणाच्या चौकशा करणे हा माझा धंदाही आहे आणि खोडही. पण या वेळची चौकशी माझ्याच अंगावर आली. झाले असे, की वर्गात ‘ख्रिस्तपुराण’ चालू होते. फादर स्टीफन्स हा मूळचा इंग्रज. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला, साष्टीत राहिला आणि १६१६ मध्ये त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण रायतूरच्या छापखान्यात रोमन लिपीत छापून घेतले. हे सगळे मी दरवर्षी सांगतो, तसेच त्या वर्षीही सांगितले. पुढे नेहमीचे वाक्य जोडले, की याच स्टीफन्सने कोकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता.

“सर, त्या व्याकरणात त्याने काय लिहिलंय?”

मी दोन गोष्टी सांगितल्या. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकातून उचललेल्या होत्या.

“तुम्ही वाचलंय?”

वीस वर्षे मी ज्या ग्रंथाचे नाव घेत आलो, तो मी उघडूनही पाहिला नव्हता. उघडला असता तरी वाचता आला नसता. मी “नाही” म्हणालो. मुलगा “बरं सर” म्हणून खाली बसला. तो तसाच उभा राहिला असता तर बरे झाले असते, असे मला त्या दिवशी वाटले.

आता पोर्तुगीज शिकायचे म्हणजे आमच्या घरात एक पेच होता. आमचे आजोबा, त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, सातारकडच्या एका गावी प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९५५ च्या ऑगस्टमध्ये रजा टाकून, घरी पत्ता न लागू देता, ते गोव्याच्या सत्याग्रहाला निघून गेले. १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या हद्दीवर गोळीबार झाला आणि सत्याग्रही पडले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. अण्णांवर गोळी आली नाही. त्यांच्या तुकडीवर शिपाई बंदुकीच्या दस्त्यांनी तुटून पडले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे मोडली आणि पुढे वाकडीच जुळली. माझ्या लहानपणी अण्णा देवाला नमस्कार करीत, तेव्हा जोडलेल्या हातांतून ती दोन बोटे बाहेर राहत. मला ती नमस्काराचीच एक रीत वाटे, आणि मीही तशीच दोन बोटे बाहेर काढून नमस्कार करी. एकदा बाबांनी ते पाहिले आणि माझ्या हातावर चापट मारली.

बाबा १९५५ मध्ये पाच वर्षांचे होते. हाताला पांढरे फडके गुंडाळलेला आपला बाप अंगणात शिरला, ही त्यांची पहिली आठवण. माझ्या शिकवणीचे कळले तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर न खाली करता त्यांनी विचारले,

“ज्यांनी अण्णांची बोटं मोडली, त्यांची भाषा?”

मी स्टीफन्सचे नाव घेतले, १६४० हे साल सांगितले. बाबा म्हणाले, “तुझं चालू दे.” मराठीत या वाक्याइतके बंद दार दुसरे नाही. त्यानंतर रविवार हा वार आमच्या जेवणाच्या पानावरच्या बोलण्यातून नाहीसा झाला.

सुरुवातीला मी फोनवर भाषा शिकवणारे एक यंत्र घेऊन पाहिले होते, हे कबूल केले पाहिजे. बसल्या जागी, फुकट, कुणाला न कळता. दोन महिने ते मला शाबासकी देत होते. मुलगी सफरचंद खाते, मुलगा पाणी पितो, शाबास. मुलगी पाणी पिते, पुन्हा शाबास. आणि एके दिवशी माझ्या ध्यानात आले, की पोर्तुगीजमध्ये मी अद्याप एकही खरे वाक्य बोललो नव्हतो. माझ्या घरात सफरचंद खाणारी मुलगीच नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. पण त्यांची गोष्ट निराळी, आणि त्यांना ती भाषा कुणापाशी बोलायची नव्हती. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ चा तो प्रचंड मराठी कोश रचला, तो मात्र ब्राह्मण पंडितांना शेजारी बसवून. स्टीफन्सलाही साष्टीतल्या कुणीतरी समोर बसून शिकवले असलेच पाहिजे. ओवीची चाल नुसत्या पुस्तकातून जिभेवर बसत नाही. पणजीला वर्ग आहेत, विद्यापीठात विभागही आहे, पण आठवड्याच्या दिवशी मी स्वतःच वर्गावर असतो. शेवटी एका ओळखीच्याने म्हापशाजवळच्या एका वाड्यावरच्या बाईंचे नाव सुचवले. “शिकवतात की नाही ठाऊक नाही, पण बोलतात,” असे तो म्हणाला.

बाईंचे वय ऐंशीला टेकलेले. घराला पुढे बाल्कांव, दोन्ही बाजूंना बसायला दगडी सोपे, आत शिंपल्यांच्या तावदानांची एक जुनी खिडकी. मी मराठी रिवाजाने त्यांना ‘बाई’ म्हणालो आणि पुढेही तेच राहिले. त्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘सिन्योर प्रुफेसोर’ केले. पोर्तुगीजमध्ये शिक्षकी पेशाच्या माणसाला असेच संबोधतात, त्यात थट्टा नाही. पण शिसपेन्सिलीला टोक करता करता ती हाक ऐकली, की माझे कान तापत.

“तुम्हाला किती येतं?” त्यांनी इंग्रजीत विचारले.

“काहीच नाही.”

“असं कसं?” असे म्हणून त्या उठल्या आणि मला घरभर फिरवले. दाराची बिजागरी दाखवली. कुलपाची किल्ली दाखवली. आपली चावी, त्यांची ‘शाव्ह’. शिवणाच्या डब्यातली फीत. मागच्या अंगणातले घमेले, स्वयंपाकघरातले बटाटे, टोपलीतला कोबी. “माझा भाऊ लिस्बनला गेला तेव्हा घरातलं अर्धं सामान लिलावात गेलं,” त्या म्हणाल्या, आणि ‘लिलाव’ हा शब्द त्यांच्या तोंडून जवळजवळ आपल्यासारखाच आला. पगारसुद्धा त्यांचाच. काहीच येत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या झोळीत दहा मिनिटांत डझनभर शब्द निघाले. ते चारशे वर्षांपूर्वीच आमच्या पूर्वजांनी आणून ठेवले होते, मी फक्त विसरलो होतो.

त्यानंतर नियम ठरले. शिकवणी दीड तास. या वेळात कोकणी बंद, मराठी बंद. अडलेच तर इंग्रजी, तेही अर्धे वाक्य. तांबडी शाई नाही. त्या शिसपेन्सिलीने खूण करीत आणि मी दुरुस्ती केली की खूण खोडून टाकीत. चूक झाली की लगेच सांगत नसत. भुवई वर करून थांबत. मी तेच वाक्य पुन्हा म्हणे, बहुधा तीच चूक करून. त्या पुन्हा थांबत. तिसऱ्या वेळेनंतर सांगत. ते थांबणे! वर्गात प्रश्न विचारून मीही थांबतो, पण सत्तर मुलांच्या पुढे थांबणे हे थांबणे नव्हे. ती शांतता सत्तर जणांत वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. इथे बाल्कांवावर सगळी शांतता माझ्या एकट्याच्या पानात वाढलेली. खाली घालायला मागचा बाक नाही, उत्तर कुजबुजणारा शेजारी नाही, घंटा नाही. भिंतीवरचे घड्याळ तेवढे होते, आणि ते बंद होते.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी फुकट मिळतात, हे अभिमानाने नमूद करतो. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचे, स्त्रीने ‘ओब्रिगादा’. इंग्रजाला हे अवघड जाते म्हणतात; ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांच्यात वाढलेल्या आम्हाला काय त्याचे! पोर्तुगीजला ‘असणे’ या अर्थी दोन क्रियापदे आहेत. एकाने म्हटले तर बाई मुळातच दुखणाईत आहे, दुसऱ्याने म्हटले तर आज जरा बरे नाही. बाई हे समजावण्याच्या तयारीत पाणी पिऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, आमच्याकडे ‘ती आजारी असते’ आणि ‘ती आजारी आहे’. बाईंनी पेला खाली ठेवला आणि “मग मी काय शिकवू?” असे म्हणून हसल्या. आदरार्थी बोलायचे तर समोरच्याला तृतीयपुरुषात घालायचे: ‘बाईंना चहा हवा का?’ आपल्याकडे कचेरीतला शिपाई ‘साहेबांनी डबा खाल्ला का?’ असे साहेबांनाच विचारतो, तसे. आणि चहाला तिकडे ‘शा’ म्हणतात, तेव्हा त्या बाबतीत तर आपण सगळेच चीनचे देणेकरी.

पण जिथे फुकट मिळाले नाही तिथे फार महाग पडले. आपला ‘पाव’ हा त्यांच्या ‘पाँव’वरून आला, इतके मला ठाऊक होते. येताना त्याचा अनुनासिक वाटेत सांडला, हे ठाऊक नव्हते. मी आपला मराठी पाव मागत होतो आणि बाईंना ‘पाउ’ ऐकू येत होते. पाउ म्हणजे लाकूड, दांडका. तीन रविवार मी त्या घरी लोण्याबरोबर दांडका मागितला.

आणि मग ते ‘ओ’. पोर्तुगीजमध्ये आजोबा आणि आजी यांच्यात लिहिताना एका चिन्हाचा फरक. ‘अवो’ म्हणजे आजोबा, ‘अवॉ’ म्हणजे आजी. ‘कॉलेज’मधला ऑ आला की आजी झाली. कानाला फरक कळतो. पण बोलायच्या घाईत कोणता कुणाचा हे माझ्या डोक्यात दरवेळी उलटे होई. मी आजोबांना लुगडे नेसवी आणि आजीला मिशा लावी. बाईंची भुवई वर जाई आणि तिथेच राही. अखेरीस त्यांनी माझ्या वहीत दोन मोठे रोमन ‘ओ’ काढले. एकावर तिरकी रेघ दिली, ती आजी. दुसऱ्यावर दोन्ही बाजूंना उतरणारे छपरासारखे चिन्ह दिले.

“हे आजोबा. आजोबा टोपी घालतात. टोपीवाला ओ.”

मी त्या चिन्हाकडे पाहत राहिलो. वरून टोकदार, दोन्हीकडे उतरती. अण्णा जन्मभर जी घालीत, ती हुबेहूब तशीच होती. त्या दिवसानंतर हा शब्द माझा कधी चुकला नाही.

बाईंबद्दल मला हळूहळू कळत गेले ते असेच, धड्यांच्या उदाहरणांतून. भूतकाळाचा धडा आला तेव्हा त्यांचा भूतकाळ आला. पणजीला आल्तिनो टेकडीवरच्या लिसेवमध्ये त्या शिकत होत्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. मुक्ती आली ते बरे झाले, असे त्या स्वच्छ म्हणत. पण ज्या भाषेत त्यांनी गणित केले, प्रार्थना म्हटल्या, मैत्रिणीशी भांडण केले, ती भाषा एका हिवाळ्यात निरुपयोगी झाली. सोळाव्या वर्षी पुन्हा एबीसीडीपासून इंग्रजी. भाऊ निघून गेले, मैत्रिणी गेल्या किंवा वारल्या. रविवारी मी यायच्या आधी त्या सकाळी आरशासमोर दोन-चार वाक्ये म्हणून घेत, हे त्यांनी मला एकदा जरा लाजत सांगितले. “माझी जीभ जड झालीय. तुम्हाला चुकीचं शिकवायला नको.” मला इतके दिवस वाटत होते, की गृहपाठ मी एकटाच करतो.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारची गोष्ट. पाठ होता कुटुंबाचा. “आजोबांविषयी सांगा,” बाई म्हणाल्या, “आता टोपी नीट बसते ना?” त्यांच्या मनात काही नव्हते. वर्गात असा प्रश्न आला असता तर मी सांगितले असते, की आजोबा मास्तर होते, त्यांना बागेचा नाद होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. निदान मराठीत असतो तर चार वळणे घेतली असती. मराठीत मला एखादी अवघड गोष्ट न सांगता सांगण्याच्या पंधरा तऱ्हा येतात, एम.ए.ला आणखी कशाचे गुण देतात! पण पोर्तुगीजमध्ये माझ्यापाशी शंभरेक क्रियापदे आणि एकच काळ होता. त्यात वळण घेता येत नाही. माझे आजोबा शिक्षक होते, मी म्हणालो. त्यांना फुले आवडत. इथवर ठीक. मग मी थांबलो, बाईही थांबल्या, भुवई वर. त्यांना वाटले, शब्द अडला. ती शांतता मला सोसवेना आणि जे पुढचे वाक्य मला जमत होते ते मी बोलून टाकले. १९५५ मध्ये माझे आजोबा गोव्यात आले. पोलिसांनी माझ्या आजोबांना मारले.

“आ पुलीसिया बातेउ उ मेउ अवो.”

बाल्कांवापलीकडे कुणीतरी माडाचे झाप ओढत नेत होते, त्याचा आवाज येत राहिला. बाई माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटले, आता वही मिटायची, पैसे ठेवायचे आणि निघायचे.

“नाही,” बाई म्हणाल्या. “‘उ’ नाही. ‘नु’.”

मला कळले नाही.

मग त्यांनी ते समजावून सांगितले, अगदी सावकाश, इंग्रजीत. हे क्रियापद नुसते वापरले तर त्याचा अर्थ हरवणे, पराभव करणे असा होतो. मार देणे म्हणायचे असेल तर मध्ये एक अव्यय लागते. आपल्या ‘त’ किंवा ‘वर’ सारखे. ‘उ मेउ अवो’ म्हटले तर पोलिसांनी तुमच्या आजोबांना हरवले. ‘नु मेउ अवो’ म्हटले तर पोलिसांनी त्यांना मारले.

“हरवलं का त्यांना?” बाईंनी विचारले.

“नाही.”

“मग ‘नु’. पुन्हा म्हणा.”

मी पुन्हा म्हणालो. त्यांनी आणखी एकदा म्हणायला लावले. तिसऱ्या वेळी त्यांनी मान हलवली, पेन्सिलीने वहीत तो ‘नु’ स्वतः लिहिला आणि या वेळी तो खोडला नाही. मग पेन्सिल खाली ठेवली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून त्या कोकणीत बोलल्या. त्यांचे वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना कोकणीत ‘पाय’ म्हणतात, तेही पोर्तुगीजच.

“पाय त्या दिसा जेवलो ना,” बाई म्हणाल्या. “कित्याक तें आमकां कोणें सांगलेंच ना.”

त्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या. बाप का जेवला नाही, हे त्यांनी पुढे कधी विचारले नाही, आणि बापानेही सांगितले नाही. एवढेच. मग त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने ‘शा’ घेऊन आल्या. त्या दिवशी उरलेला पाठ झाला नाही. पैसे मात्र त्यांनी नेहमीइतकेच घेतले, हे मला आवडले.

परतीच्या गाडीत पत्रादेवीचे स्मारक आले आणि गेले. ते मी दर रविवारी दोनदा पाहतो. तिथे आल्यावर मी पुस्तक मिटतो, हा माझा मीच घातलेला नियम आहे. त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलेच नव्हते. मी ‘नु’ पुटपुटत होतो. मराठीत ‘आजोबांना चहा दिला’ आणि ‘आजोबांना मारले’ यांत तोच ‘ना’. इतकी वर्षे मुलांना द्वितीया आणि चतुर्थी यांतला फरक फळ्यावर मांडून दाखवला, पण एका अव्ययावर एका माणसाची हारजीत ठरते, असे उदाहरण मला कुठल्या क्रमिक पुस्तकात भेटले नव्हते.

घरी फराळाची गडबड चालू होती. सौ. चकल्या तळत होती. बाबा शेजारी पाटावर बसून, कुणी सांगितलेले नसताना, गार झालेल्या चकल्या डब्यात रचत होते. मी हातपाय धुऊन आलो आणि प्रस्तावना न करता त्यांना सांगितले. वाक्य सांगितले, माझी चूक सांगितली, बाईंनी विचारलेला प्रश्न सांगितला. बापाच्या न जेवण्याचेही सांगितले.

बाबा चकल्या रचत राहिले. एका थरावर दुसरा थर. मग म्हणाले, “दहा वर्षांची होती?”

“हो.”

“मी पाच.”

थोड्या वेळाने सौ.ने पाहिले तर त्यांनी एक निराळा, लहान डबा भरायला घेतला होता. “हा कुणाला?” तिने विचारले. बाबांनी माझ्याकडे न पाहता सांगितले, “ह्याच्या मास्तरीणबाईंना. तिखट बेताचंच आहे म्हणावं.”

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी तो डबा म्हापशाच्या गाडीत माझ्या मांडीवर होता. ‘माझ्या वडिलांनी हे पाठवले’ हे वाक्य मी बांद्यापासून जुळवत होतो; तिखट बेताचे असल्याचे मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे निघाले. बाईंनी वाक्य ऐकून घेतले, दोन दुरुस्त्या केल्या आणि मगच डबा उघडला. चकली बोटांत धरून त्यांनी चारी बाजूंनी पाहिली. हिला काय म्हणतात, असे विचारले. मी सांगितले. ‘च’ त्यांच्या जिभेवर बसेना, ‘शकली’ होई. मी भुवई वर केली आणि थांबलो. तिसऱ्या वेळेला त्यांना जमले. मग त्यांनी लगेच पेन्सिल उचलली आणि विचारले, पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?

स्त्रीलिंगी, मी म्हणालो. स्त्रीलिंगी एक म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘उमा’. बाईंनी माझ्या वहीत नव्या पानावर, तारीख घालून, ठळक अक्षरांत लिहिले: उमा चकली.